हेडफोन काढल्यावर कानात बारीक शिट्टी वाजत राहते: काय करावं, काय टाळावं

कानसेन

हेडफोन काढले, घरात सामसूम झाली आणि कानात बारीक 'ईऽऽऽ' ऐकू यायला लागलं, तर पुढे काय करायचं यासाठी हा धागा. ही माहिती वेगवेगळ्या धाग्यांवर तुकड्यातुकड्यांनी आली आहे, ती एका जागी असावी. डॉक्टरी शब्द टिनिटस, आयुर्वेदात कर्णनाद. इथे फक्त सौम्य प्रकाराबद्दल बोलू: आवाज शांततेतच जाणवतो, कामात असलं की विसरायला होतो, ऐकू नीट येतं.

आधी हा आवाज येतो कुठून? आतल्या कानातल्या शंखात केसपेशी असतात. बाहेरच्या तीन रांगांत सुमारे १२,००० आणि आतल्या एका रांगेत सुमारे ३,५००, एवढाच एका कानाचा आयुष्यभराचा साठा. मोठ्या आवाजाने त्या थकतात, अति झालं तर मरतात, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. शंखाकडून येणारा संकेत क्षीण झाला की मेंदू त्याच्या बाजूने आवाज वाढवून ऐकायला बघतो. रेडिओवर स्टेशन नीट लागत नाही म्हणून बटण फिरवलं की खरखरच मोठी होते, तसंच हे. आज सगळ्यात जास्त मान्य असलेलं स्पष्टीकरण हेच आहे.

पेशी नुसत्या थकल्या असतील तर शिट्टी काही तासांत, फार तर दोन दिवसांत उतरते. म्हणून पहिले ४८ तास महत्त्वाचे. हेडफोन पूर्ण बंद. मोठ्या आवाजातली जिम, लग्नाचा हॉल, मिरवणूक टाळा. पण दार-खिडक्या लावून शांत खोलीत बसू नका. घरातले नेहमीचे आवाज येऊ द्या: पंखा, स्वयंपाकघर, खालचा रस्ता. सगळे इथेच चुकतात. कानाला विश्रांती म्हणून शांततेत बसतात आणि शिट्टीकडे कान लावून राहतात. मग मेंदूला ती महत्त्वाची बातमी वाटायला लागते.

कामं दोनच आहेत. कानात जाणारा एकूण आवाज कमी करायचा, आणि उरलेल्या शिट्टीला शांततेत एकटं सोडायचं नाही. जाणकारांनी यात भर घालावी, चुकलं असेल तिथे दुरुस्त करावं.

वसई_फास्ट

उत्तम धागा. 'व्हॉल्यूम ६० टक्के आणि वेळ ६० मिनिटं' हा नियम सगळीकडे वाचायला मिळतो. तो कितपत खरा?

ध्वनियंत्री

तो नियम लक्षात राहायला सोपा आहे, पण ६० टक्के म्हणजे नेमका किती आवाज हे त्यातून कळत नाही. एकाच फोनवर, एकाच आकड्यावर दोन हेडफोन दहा-पंधरा डेसिबलचा फरक सहज दाखवतात. कारण प्रत्येकाची संवेदनशीलता वेगळी असते.

कामाचं मोजमाप आठवड्याचं आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आयटीयू (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ) यांनी २०१९मध्ये जाहीर केलेल्या मानकात मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा आहे, लहान मुलांसाठी ७५ डेसिबलला ४० तास. आता खरी गोम: दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा होतो. ८३ला २० तास, ८६ला १०, ८९ला ५, ९२ला अडीच तास, ९५ला सव्वा तास. आणि ३ डेसिबलची वाढ कानाला जेमतेम जाणवते. आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात.

हे लोकलवर बसवून बघा. जाऊन-येऊन तीन तास, सहा दिवस, म्हणजे आठवड्याला १८ तास. ८३वर ऐकलं तर मर्यादेत बसतं. ८९वर ऐकलं तर मंगळवारी संध्याकाळी घरी येतानाच आठवड्याचा कोटा संपतो. ९२वर सोमवारच्या परतीच्या प्रवासातच. दोन-तीन पायऱ्यांचा खेळ आहे हा.

वसई_फास्ट

हे कुणी असं मांडून दाखवलं नव्हतं. पण फोनवर डेसिबल कुठे दिसतात?

ध्वनियंत्री

आयफोनवर हेल्थ ॲपमध्ये 'हेडफोन ऑडिओ लेव्हल्स' असतात, आणि कंट्रोल सेंटरमध्ये कानाचं चिन्ह टाकून घेतलं की चालू आवाज तिथल्या तिथे दिसतो. कंपनीच्या स्वतःच्या इअरफोनवर आकडा बराच भरवशाचा, दुसऱ्यांवर अंदाजे. मग सेटिंग्ज, साउंड्स अँड हॅप्टिक्स, हेडफोन सेफ्टी, आणि तिथे 'रिड्यूस लाउड ऑडिओ' चालू करून पट्टी ८०वर आणा. ती ७५पर्यंत खाली जाते. कानात शिट्टी असताना ७५च ठेवा असं मी म्हणेन.

सॅमसंगवर साउंड्स अँड व्हायब्रेशन, व्हॉल्यूम, वरची तीन टिंबं, 'मीडिया व्हॉल्यूम लिमिट'. त्याला पिन लावता येतो, मुलांच्या फोनसाठी उपयोगी. बऱ्याच ॲण्ड्रॉइड फोनवर आवाजाच्या पंधराच पायऱ्या असतात. ब्लूटूथवर पहिली पायरी मोठी आणि शून्यावर काहीच नाही, अशी पंचाईत होते. सॅमसंगचं 'साउंड असिस्टंट' वापरलं तर पायऱ्या बारीक करता येतात.

आकडा दाखवणारा फोन नसेल तर जुळवणी करा. शांत खोलीत स्पीकरवर पिंक नॉइज (पावसासारखा एकसारखा सळसळता आवाज) लावा. एक मीटरवर बसून, कानाच्या उंचीला धरलेल्या फोनवर साउंड मीटर ॲपने ७० डेसिबल येईपर्यंत स्पीकरचा आवाज जुळवा. (आयफोनवर 'नायोश' या अमेरिकी सरकारी संस्थेचं मोफत मीटर चांगलं आहे. ॲण्ड्रॉइडचे माइक फार वेगवेगळे, थोडी चूक धरून चाला.) आता तोच नॉइज हेडफोनवर लावा. एकदा स्पीकर, एकदा हेडफोन, असं आलटून पालटून ऐकत दोन्ही सारखे वाटतील तिथे थांबा. हेडफोनवर माणूस नकळत थोडा जास्तच ठेवतो, म्हणून जुळल्यावर एक पायरी आणखी खाली या. तो आकडा कागदावर लिहून ठेवा. तो तुमचा घरचा आकडा.

तो आकडा लोकलमध्ये वाढवायचा नाही. तिथे ऐकू येत नसेल तर कानातली बोंडं (इअरफोनच्या टोकाची सिलिकॉनची किंवा फोमची टोपणं) नीट बसलेली नाहीत. त्यावर इलाज व्हॉल्यूमच्या बटणाने करू नका.

कानसेन

शेवटची दोन वाक्यं मला सगळ्यात मोलाची वाटतात. भाईंदर-नायगावच्या खाडीपुलावर गाडी चढते, खालून एकदम घुमायला लागतं, लोक दोन पायऱ्या वाढवतात. पूल संपतो, पायऱ्या मात्र तिथेच राहतात. भुयारी मेट्रोतही तेच होतं. गाडी स्टेशनात शिरून आवाज बसला आणि कानात गाणं अचानक मोठं वाटलं, तर समजायचं की मधल्या टप्प्यात आकडा वर गेला होता.

खारदांडा

मग नॉइज कॅन्सलिंग घ्यावं का? की नुसती फोमची बोंडं पुरतील?

ध्वनियंत्री

दोघांचं काम वेगळं आहे. नॉइज कॅन्सलिंग खालच्या पट्टीतली घरघर कापतं: मोटर, चाकांचा गडगडाट, एसी. माणसांची बोलणी, ब्रेकची किंकाळी, भोंगा असल्या वरच्या आवाजांना मुख्यतः बोंडाचा घट्टपणाच अडवतो. म्हणून महाग सर्किट आणि सैल बोंड ही जोडी वाया जाते.

घट्ट बसलंय का हे तबल्याने तपासा. ज्यात डग्गा स्पष्ट आहे असं कुठलंही ध्वनिमुद्रण लावा. डग्ग्याचा घुमारा भरून आला तर बोंड बसलंय. नुसती उजव्या तबल्याची चाट टणटणत असेल आणि डग्गा कोरडा लागत असेल तर कुठूनतरी हवा जाते आहे. डब्यात येणाऱ्या तिन्ही मापांची बोंडं लावून बघा. दोन कानांना वेगवेगळं माप लागणं अगदी सर्रास आहे, पण दोन्हीकडे मधलंच माप लावून लोक मोकळे होतात.

फोमचं बोंड अंगठा आणि तर्जनीत दाबून बारीक करा. विरुद्ध हाताने डोक्यामागून कानाची पाळी वर आणि मागे ओढा, म्हणजे नळी सरळ होते. बोंड आत सरकवा आणि १५ ते २० सेकंद बोटाने तसंच धरा. फुगेपर्यंत धरलं नाही तर ते बाहेर येतं आणि सगळा फायदा जातो. घामाने फोम कडक होतो. दाबून सोडल्यावर सावकाश न फुलता टचकन उसळलं किंवा चपटंच राहिलं, तर बदला. रोजच्या वापरात दोन-तीन महिन्यांवर अपेक्षा ठेवू नका.

बोंडाशिवायचे, नुसते कानाच्या खळग्यात टेकणारे कडक प्लास्टिकचे इअरफोन लोकलसाठी सगळ्यात वाईट. बाहेरचं सगळं आत येतं, मग आवाज चढतो. हाडातून ऐकवणारे हेडफोन सुरक्षित असतात हाही गैरसमज आहे. आवाज हाडातून गेला तरी पोचतो त्याच शंखात. शांत बागेत ते ठीक, डब्यात नाही.

एक सांगायला हवं: रूळ ओलांडताना, फलाटावर आणि रस्त्यावर चालताना दोन्ही कान मोकळे.

मालाड_नाइट

गाण्यांचं कळलं. पण कॉलवर आठ-नऊ तास हेडसेट असणाऱ्यांचं काय? तिथे आवाज आपल्या हातात नसतो, एक ग्राहक कुजबुजतो आणि पुढचा ओरडतो.

ध्वनियंत्री

तिथे आवाज मोठ्या बोलणाऱ्याला धरून लावायचा. हळू बोलणाऱ्याला 'जरा मोठ्याने बोला' म्हणायचं. उलटं केलं की प्रत्येक दणका थेट कानात. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनल, साउंड, आपला हेडसेट, प्रॉपर्टीज, एन्हान्समेंट्स, आणि तिथे 'लाउडनेस इक्वलायझेशन' दिसत असेल तर चालू करा. हळू-मोठ्यातला फरक बराच कमी होतो. सगळ्या ड्रायव्हरना तो पर्याय नसतो.

हेडसेटमध्ये 'साइडटोन' आहे का ते विचारा. त्यात स्वतःचा आवाज थोडासा कानात परत येतो. तो नसेल तर माणूस मोठ्याने बोलतो, शेजारचा त्याच्यावर आवाज चढवतो, आणि तासाभरात सगळ्या फ्लोअरचा आवाज वर जातो.

एका कानाचा हेडसेट टाळा. मोकळ्या कानातून फ्लोअरचा गोंगाट येतो, म्हणून बंद कानात आवाज वाढवला जातो. शिवाय दोन्ही कानांनी ऐकलं तर तोच आवाज काही डेसिबल मोठा वाटतो, म्हणजे तेवढा तो खाली ठेवता येतो. एकच कान वापरणं भागच असेल तर दर तासाला बाजू बदला.

लाइनवर अचानक कर्कश सूर किंवा फॅक्सचा टोन आला आणि त्यानंतर कान दुखला, भरल्यासारखा झाला किंवा वाजायला लागला, तर त्याला ध्वनिधक्का म्हणतात. हेडसेट काढा, वेळ आणि कॉल क्रमांक लिहून ठेवा, सुपरवायझरला लेखी कळवा. उरलेली शिफ्ट पूर्ण करायचा आग्रह कुणी धरू नये आणि आपणही धरू नये.

श्रवणा

ऑडिओलॉजीच्या बाजूने लिहिते. वरचं सगळं बरोबर आहे. आता दवाखान्याचं.

पुढीलपैकी काहीही असेल तर हा धागा बाजूला ठेवून कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. शिट्टी एकाच कानात. हृदयाच्या ठोक्याबरोबर 'धप धप' असा आवाज. गरगरणं. कानातून पू किंवा रक्त. चेहऱ्याची एक बाजू लुळी. डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेलं.

आणि सगळ्यात घाईचं म्हणजे एका कानाने अचानक कमी ऐकू येणं, एका रात्रीत किंवा दोन-तीन दिवसांत. तिथे सोमवारची वाट बघू नये. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखवा. स्टिरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत होतो आणि जितकं लवकर तितका चांगला. 'मळ असेल, जाईल' म्हणून घालवलेला आठवडा परत मिळत नाही.

घरी एक अंदाज घेता येतो. ओठ मिटून 'म्ऽऽऽ' असा लांब हुंकार द्या. कमी ऐकू येणाऱ्या कानात तो मोठा वाटला तर अडथळा बहुधा बाहेरचा: मळ, पाणी, सर्दी. चांगल्या कानात मोठा वाटला तर आतल्या कानाची किंवा नसेची शंका घ्या आणि निघा. ही तपासणीला पर्यायी गोष्ट नाही, फक्त घाई किती करायची ते सांगते.

खारदांडा

श्रवणाताई, अलका याज्ञिक यांनी ऐकू येणं गेल्याचं जाहीर केलं तेव्हा घरोघरी हेडफोनबद्दल चर्चा झाली होती. ते हेडफोनमुळे होतं का?

श्रवणा

जून २०२४मध्ये त्यांनी स्वतःच लिहिलं होतं की विमानातून उतरल्यावर अचानक काहीच ऐकू येईना, आणि डॉक्टरांनी विषाणूमुळे झालेला नसेचा बहिरेपणा असं निदान केलं. म्हणजे कारण विषाणू. मोठं संगीत आणि हेडफोन यांबद्दल त्यांनी चाहत्यांना दिलेला इशारा तेवढाच रास्त आहे, पण दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. हेडफोनचं नुकसान सहसा असं एका क्षणात होत नाही. ते वर्षानुवर्षं साचतं आणि दोन्ही कानांत होतं.

शिट्टी आठवड्याहून जास्त टिकली तर ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, करून घ्या. मुंबईत वांद्रे रिक्लमेशनची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासून याच कामासाठी. मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयात ऑडिओलॉजीचा विभाग आहे. केईएम, सायन, कूपर इथे कान-नाक-घसा ओपीडीत सकाळी केसपेपर काढून दाखवता येतं, तिथून तपासणीला पाठवतात. आधी डॉक्टरांना कान दाखवावा, कारण मळाने भरलेल्या कानाचा ऑडिओग्राम काढून काही उपयोग नाही.

तपासणीच्या आधी किमान १४-१६ तास मोठा आवाज टाळा, हेडफोनही नको. आदल्या रात्री वरात आणि सकाळी तपासणी असं झालं तर आलेख उगीच वाईट येतो.

आलेख कसा वाचायचा ते सांगते. लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. डावीकडून उजवीकडे सूर चढत जातो, २५० ते ८००० हर्ट्झ. वरून खाली ऐकू येण्यासाठी लागणारा आवाज वाढतो, म्हणून रेघ जितकी खाली तितकं ऐकणं कमी. मोठ्या आवाजाने झालेल्या इजेची खूण ४००० हर्ट्झच्या आसपास दिसते. रेघ तिथे इंग्रजी व्हीसारखी खाली उतरते आणि ८०००ला पुन्हा वर येते. ती कधी ३०००ला असते, कधी ६०००ला. काही ठिकाणी हे दोन सूर तपासत नाहीत, म्हणून '३००० आणि ६००० पण घ्या' असं आधीच सांगा.

रिपोर्ट 'नॉर्मल' आला म्हणजे शिट्टी मनाची आहे असं नव्हे. २००९मध्ये कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात १०० डेसिबलचा आवाज दोन तास दिल्यावर ऐकण्याची पातळी काही दिवसांत पूर्ववत झाली, पण शंखाच्या वरच्या सुरांच्या भागातले केसपेशी आणि नस यांच्यातले निम्म्याच्या आसपास जोड कायमचे गेले. माणसात हे कितपत लागू पडतं यावर काम चालू आहे. पण 'नॉर्मल आलाय, आता पूर्वीसारखं ऐका' हा सल्ला मी कुणाला देणार नाही.

दादर_स्लो

एका बाजूच्या इअरबडचा आवाज कमी येतो तेव्हा लोक दोन्हीकडचा वाढवतात. हे पण कारण असू शकतं ना?

श्रवणा

असू शकतं, आणि चांगला मुद्दा काढलात. आधी दोष बडमध्ये आहे की कानात ते ठरवा. बोंडं पुसून डावा बड उजव्या कानात, उजवा डाव्यात असे उलटे घाला. नीट बसणार नाहीत, हाताने धरा. कमी आवाज बडबरोबर दुसऱ्या कानात गेला तर बड खराब. कमी आवाज त्याच कानात राहिला तर दोष कानाचा, तपासणी करा. फोनमधला डावा-उजवा बॅलन्स मध्यावर आहे ना हेही त्याच वेळी बघा. तो हात लागून सरकलेला असतो.

ध्वनियंत्री

बडमध्ये दोष असेल तर दहातल्या आठ वेळा जाळी बुजलेली असते, असा माझा अंदाज. बोंड काढा, उजेडात तिरकी धरा. जाळीवर पिवळसर, चकाकणारा पापुद्रा दिसेल. जाळी जमिनीकडे धरून कोरड्या मऊ ब्रशने खालच्या खाली झटका, म्हणजे मळ आत न पडता बाहेर पडेल. भिंतीवर कागद चिकटवायच्या मऊ पुटीचा गोळा हलकेच दाबून उचलला तर राहिलेलाही निघतो. सुई, टाचणी, पाणी, फुंकर नको. फुंकरीने ओल आत जाते. सिलिकॉनची बोंडं साबणाच्या पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच लावा.

श्रवणा

पावसाळ्यात हे वाळवणं विसरू नका. जून ते सप्टेंबर मुंबईच्या दमट हवेत कानात बुरशी होण्याचं प्रमाण वाढतं. बंद ओला कान तिला आवडतोच. खाज, कान भरल्यासारखा होणं आणि काळपट-पांढरा स्राव ही लक्षणं.

शीव_माटुंगा

आमच्याकडे लसूण घालून गरम केलेलं तेल कानात सोडतात. शिट्टीवर चालेल का? आणि औषधाच्या दुकानात जिंको, बी-१२, 'बीटा' गोळ्या सुचवतात त्यांचं काय?

श्रवणा

तेल शंखापर्यंत पोचतच नाही, मधे पडदा आहे. पडद्याला भोक असेल तर ते मध्यकर्णात जातं आणि पू होतो. बुरशी असेल तर ती वाढते. गरम तेलाने भाजल्याच्या तक्रारीही येतात. म्हणून नको. कापसाची काडी तर नकोच, मळ आत ढकलला जातो. पडदा शाबूत असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं असेल तर मळ मऊ करणारे थेंब ठीक.

गोळ्यांबद्दल: २०१४च्या अमेरिकन कान-नाक-घसा संघटनेच्या मार्गदर्शिकेत टिनिटससाठी जिंको, झिंक, मेलाटोनिन देऊ नयेत असंच म्हटलं आहे. 'बीटा' म्हणजे बीटाहिस्टीन, ती गरगरण्यासाठी वापरतात, शिट्टीसाठी तिचा उपयोग होत असल्याचा भक्कम पुरावा नाही. बी-१२ रक्तात कमी असेल तर जरूर घ्या, शाकाहारी घरांत ते बरेचदा कमी असतं. नसेल तर शिट्टीसाठी घेऊन फायदा नाही.

काही औषधांनी उलट शिट्टी येते: ॲस्पिरिनचा मोठा डोस, जेंटामायसिन-अमिकासिनसारखी इंजेक्शनं, सिसप्लॅटिन, क्विनीन. यांतलं काही चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगा.

मालाड_नाइट

झोपताना सगळ्यात त्रास. दिवसा काहीच नाही, उशीवर डोकं टेकलं की सुरू.

कानसेन

कारण दिवसभर इतर आवाज तिला झाकून ठेवतात. रात्री तेवढीच उरते. म्हणून खोलीत पार्श्वभूमीला मंद आवाज ठेवायचा. आपल्याकडे छताचा पंखा हे काम फुकट करतो. गंमत अशी की डिसेंबरात थंडीमुळे पंखा बंद होतो आणि लोकांना शिट्टी वाढल्यासारखी वाटते. वाढलेली नसते, उघडी पडलेली असते.

पंखा नको असेल तेव्हा छोटा स्पीकर. डोक्याशी ठेवू नका, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. पाऊस, समुद्र, पिंक नॉइज किंवा त्याहून खर्जातला ब्राउन नॉइज, जो कानाला सुखावेल तो. पट्टी महत्त्वाची: शिट्टी पूर्ण बुडवायची नाही. आवाज हळूहळू वाढवत न्या आणि शिट्टी त्यात मिसळायला लागते त्याच्या जरा खाली थांबा. शिट्टी किंचित ऐकू यायला हवी, तरच मेंदू तिला बिनमहत्त्वाची मानायला शिकतो. पूर्ण झाकली तर शिकायला काही उरत नाही.

हा आवाज फोनमध्ये उतरवून (डाउनलोड करून) घ्या. यूट्यूबवरून चालवलं तर मध्यरात्री मोठ्या आवाजात जाहिरात लागते आणि दचकून जाग येते. टायमरही लावू नका. तीन वाजता शांततेत जाग आली की पुन्हा तेच. कानात बड घालून झोपणं तर नकोच.

श्रवणा

दिवसातून दहा वेळा 'आहे का, आहे का' म्हणून कान देऊन बघणं बंद करा. फार वाटलं तर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, वहीत दोनच आकडे: शिट्टीचा त्रास दहापैकी किती, आणि झोप किती तास. शिट्टी किती मोठी आहे हे लिहायचं नाही. तो आकडा मोजता मोजता वाढतो.

'टिनिटस हँडिकॅप इन्व्हेंटरी' नावाची २५ प्रश्नांची यादी असते, गुण ० ते १००. १६पर्यंत नगण्य, १८ ते ३६ सौम्य. त्याच्या वर गेलं, किंवा झोप आणि मन दोन्ही बिघडलं, तर ऑडिओलॉजिस्टबरोबर समुपदेशक घ्या. विचार आणि वर्तन बदलण्याच्या पद्धतीचा, म्हणजे सीबीटीचा, उपयोग चांगला सिद्ध झाला आहे. शिट्टी तीच राहते, तिचा जाच कमी होतो. ऐकू येणं कमी झालं असेल तर श्रवणयंत्राने शिट्टीही मागे पडते.

जबडा घट्ट आवळल्यावर किंवा मान वळवल्यावर शिट्टीचा सूर बदलतो का, तेही पाहा. बदलत असेल तर जबडा आणि मान यांचा त्यात वाटा आहे. रात्री दात खाणाऱ्यांनी दंतवैद्याला दाखवावं.

दादर_स्लो

गणपतीत ढोल-ताशा पथकाच्या बाजूने जावं लागतं, दिवाळीत फटाके. तेव्हा कानात कापूस घातला तर?

ध्वनियंत्री

कापसाने जवळजवळ काहीच अडत नाही. औषधाच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात फोमचे इअरप्लग मिळतात. ते बोटांत वळून बारीक सुरळी करा, मघाशी सांगितल्याप्रमाणे पाळी ओढून घाला, फुगेपर्यंत धरा. आरशात समोरून पाहिलं तर टोक बाहेर लोंबताना दिसू नये. पथकात वाजवणाऱ्यांनी तर सरावालाही घालावेत, कारण सराव महिना-दोन महिने रोज असतो. फटाक्यांसाठी नियमात ४ मीटरवर १२५ डेसिबलची मर्यादा आहे, यावरून जवळून काय जात असेल याचा अंदाज करा. लहान मुलांना लांब ठेवा.

श्रवणा

मिरवणूक संपली की प्लग काढा. भीतीपोटी घरात, ऑफिसात, दिवसभर प्लग घालणाऱ्यांना पुढे साधे आवाजही बोचायला लागतात, ताटाचा, नळाचा. तो त्रास शिट्टीपेक्षा कठीण.

वसई_फास्ट

शेवटचं विचारतो. शिट्टी उतरल्यावर हेडफोन परत केव्हा आणि कसे सुरू करायचे?

श्रवणा

शिट्टी जाऊन, किंवा स्थिर होऊन, आठवडा होऊ द्या. मग घरच्या आकड्यावर २० मिनिटं, शांत खोलीत, शक्यतो कानावर बसणारे, मागून बंद असलेले हेडफोन. दुसऱ्या दिवशी सकाळी फरक नसेल तर तीन-चार दिवस तेवढंच. मग अर्धा तास, मग पाऊण. लोकल सगळ्यात शेवटी. त्या रात्री शिट्टी चढली तर एक टप्पा मागे. संगीताच्या ॲपमध्ये 'नॉर्मलायझेशन' चालू ठेवा, म्हणजे एका गाण्यानंतर दुसरं दणकन लागत नाही. स्पॉटिफायवर त्यातला 'क्वाएट' हा पर्याय निवडा.

वसई_फास्ट

घरचा आकडा काढला. पंधरापैकी सहा. डब्यात दहावर असायचा. मधलं माप उजव्या कानाला सैल होत होतं, मोठं बोंड लावल्यावर डग्गा आला.

ध्वनियंत्री

आता सहावरच लॉक करून टाका. डाव्या कानाचं मापही एकदा बदलून बघा.